पोचलं म्हणण्याआधी

"कुठली ओळ?"

हे दोन शब्द मी आठ वर्षांपूर्वी एका माणसाला बोललो. ते खोटे होते. हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलीला नाही, आई होती तोवर तिलाही नाही; आणि ज्यांना बोललो त्यांना तर आजतागायत नाही. त्यांना सांगायची गरजच नाही, त्यांना कळलेलंच आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. त्यांना माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं, एवढी साधी गोष्ट कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पण आधी ते कोण ते सांगायला हवं. नुसती माझी चूक सांगितली तर त्यात मार खाल्लेला माणूस एवढेच ते उरतील, आणि ते तसे मुळीच नाहीत.

आम्ही त्यांना रायरू म्हणायचो. म्हैसुरात जुन्या मराठी घरांतल्या, नावामागे राव असलेल्या वडीलधाऱ्याला कानडी माणसं तसं म्हणतात. आम्हीही तेच उचललं. जुन्या पोथ्यांचे फोटो काढून ते सांभाळून ठेवणारी एक लहानशी संस्था होती, तिथली सगळी कॉम्प्युटरची यंत्रं रायरू बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. अकरा वर्षं. आमचं दोघांचं घरचं बोलणं मराठीच, पण ते ऐकून पुण्याचा माणूस हसेल. निम्मी वाक्यं कानडीत जाऊन संपतात. माझी बायको कोल्हापूरची. लग्न होऊन आल्यावर पहिले सहा महिने तिला माझ्या आईचं अर्धंच कळायचं. हे मी लिहितोय तेवढं बरं मराठी तिच्यामुळे.

माझे पूर्वज इथे आले ते राजाच्या फौजेत. रायरूंचे आले ते दप्तर सांभाळायला. यावरून ते मला टोमणा मारत. "तुम्ही घोड्यावरनं आलात. म्हणून तुला घाई. आम्ही चालत आलो, दप्तराचा बस्ता उचलून." एखादं काम मी झटपट करून दाखवलं की ते फक्त विचारायचे, घोडा बांधलास का रे नीट.

यंत्रांच्या खोलीत गारवा फार. तिथे ते कानटोपी घालून बसत, पुढे बाहेरही घालू लागले, आणि हळूहळू आम्हाला कळलं की टोपी डोक्यावर असली की त्यांच्याशी बोलायचं नाही. टोपी काढून घडी घालून गुडघ्यावर ठेवली की दरबार सुरू. एप्रिल महिन्यात कानटोपी घालून व्हरांड्यातून जाणारा हा माणूस बघून नवे लोक हसायचे. जुने बाजूला व्हायचे.

दुसरी सवय जास्त विचित्र. यंत्राला कुठलीही आज्ञा द्यायची तर ती टाइप करून झाल्यावर ते दोन्ही हात मांडीवर घेत आणि ती ओळ मोठ्यानं वाचत. इंग्रजी अक्षरं नव्हेत. तिचा अर्थ, मराठीत. "इथनं उचल. तिथं ठेव. जे आधीच आहे त्याला हात नको. झालं की परत ये. अल्वा?" हे 'अल्वा' म्हणजे कानडीतलं 'होय ना', आणि ते यंत्राला उद्देशून असायचं. मग थोडं थांबत, जणू उत्तर येणार आहे. मग एका बोटानं एन्टर.

मलाही तसंच करावं लागे. पहिली दोन वर्षं लाज वाटायची. पलीकडच्या टेबलावर पोथ्यांची यादी करणाऱ्या बाई तोंडावर पदर घ्यायच्या. पण एकदा अशीच ओळ वाचताना, "इथलं सगळं पूस, मग तिथनं आण," असं माझ्याच तोंडून ऐकलं आणि हात मांडीवरच राहिले. तिथं काही नव्हतंच. जिथनं आणायचं ती जागाच रिकामी होती. डोळ्यांना ती ओळ बरोबर दिसत होती, कानांना खोटी वाटली. दुपारी रायरू मला स्वतःहून कॉफीला घेऊन गेले, आणि नेहमीसारखी बाय-टू सांगितली. एका कॉफीचे दोन अर्धे पेले. पूर्ण कॉफी प्यायलेला रायरू मी कधी पाहिला नाही. उरलेली अर्धी कुणाबरोबर तरी वाटून घ्यायची, म्हणजे तेवढा वेळ समोर माणूस बसतो, असा त्यांचा हिशेब.

म्हैसुरातच, चामराजपुरमला त्यांचं घर. फाटकाशेजारच्या भिंतीत त्यांनी गवंड्याकडून एक कोनाडा पाडून घेतला होता, बाहेरून एक झडप, आतून एक झडप, आणि दोन्ही एका वेळी उघडत नाहीत अशी खुंटी. दूध त्यात, पेपर त्यात, मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं त्यात, टपाल त्यात. कुणीच फाटकाच्या आत येत नसे. गल्लीतले त्याला रायरूंची तिजोरी म्हणत. काकू, म्हणजे त्यांची बायको, यावर बोलायला लागल्या की थांबत नसत. एकदा मला म्हणाल्या, "तीस वर्षं झाली रे लग्नाला. मला स्वयंपाकघर दिलंय, देवघर दिलंय. त्यांच्या कपाटाची परवानगी अजून अर्जातच आहे."

मी रायरूंना विचारलं होतं, दूधवाला काय चोर आहे का. ते म्हणाले, चांगला माणूस आहे, त्याच्या पोरीच्या बारशाला आम्ही गेलो होतो. "पण दूध आत यायला पाहिजे, दूधवाला कशाला? उद्या त्याच्या पिशवीबरोबर दुसराच कोण आला तर? त्या बिचाऱ्यावर तरी आळ का यावा." आळ त्याच्यावर येऊ नये, हे त्यांनी आधी धरलेलं होतं. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आता आमच्या कामाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचे बरेचसे फोटो बैलकुप्प्याहून येत. तिथल्या एका तिबेटी मठात एक भिक्खू पोथ्यांची लांबट सुटी पानं एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायचे. त्यांना सगळे गेन-ला म्हणत, म्हणजे गुरुजी. कानडी इतकं स्वच्छ बोलत की फोनवर ओळखू येऊ नये. त्यांच्या यंत्रातले फोटो म्हैसूरच्या यंत्रात आणायला एक साधन होतं. दोन ठिकाणच्या फायली ताडून बघायची, जे नवं असेल तेवढंच आणायचं, असं त्याचं काम. फार गुणी साधन. पण अशा साधनांची एक खोड असते. पलीकडे जाऊन फायली मोजायच्या तर त्याला पलीकडच्या यंत्रात एखादा प्रोग्राम चालवावा लागतो. म्हणजे फायली आणणाऱ्याच्या हातात आज्ञा द्यायचा अधिकारही येतो. तो किती द्यायचा, हे यंत्र ठरवत नाही. आपण ठरवायचं.

रायरूंनी तो जवळजवळ शून्यावर आणला होता. म्हैसूरच्या यंत्राकडे बैलकुप्प्याची जी किल्ली होती तिला तिथे एकच गोष्ट करता यायची: ह्या एका फोल्डरमधल्या फायली दे. दुसरी कुठलीही आज्ञा दिली की तिकडचं यंत्र गप्प. ही अट फक्त रायरूंच्या स्वतःच्या नावानं आणि पासवर्डनं बदलता यायची, माझ्या नाही.

त्यामुळे एक अडचण व्हायची. गेन-लांचं यंत्र लहान. आठवड्यात भरून जायचं. आलेले फोटो तिथनं पुसायचे कुणी? म्हैसूरहून पुसता येत नव्हते. मग दर शुक्रवारी दुपारी रायरू फोन करत. गेन-ला एकेका पोथीचं नाव आणि फोटोंची संख्या वाचत, रायरू आपल्या वहीतली संख्या वाचत. जुळली की रायरू म्हणत, "पोचलं." मग गेन-ला स्वतःच्या हातानं पुसत. फोनमधून त्यांच्या जपमाळेचे मणी सरकल्याचा आवाज यायचा. दर पोथीला एक मणी. अर्धा पाऊण तास जायचा. तेवढा वेळ गेन-लांचं कामही बंद.

आणि त्या 'पोचलं'ची एक गोम होती. फोटो म्हैसूरच्या यंत्रात आले म्हणजे रायरूंच्या लेखी पोचले नव्हते. ते शुक्रवारी सकाळी सगळं एका सुट्या डिस्कवर उतरवत, डिस्क यंत्रापासून काढत, आपल्या स्टीलच्या डब्याच्या रिकाम्या कप्प्यात ठेवत आणि झाकण लावत. ती त्यांच्याबरोबर चामराजपुरमला जायची आणि त्या प्रसिद्ध कपाटात राहायची. झाकण लागल्याशिवाय फोनवर 'पोचलं' म्हणत नसत. एकदा डिस्क बिघडली तेव्हा आठ दिवस त्यांनी गेन-लांना तो शब्द दिला नाही. गेन-ला आठ दिवस थांबले.

मला हे सगळं अति वाटायचं. तसं मी बोललोही. बाय-टू घेताना मी त्यांना व्यवस्थित मांडून सांगितलं होतं की किल्लीला अजून एकच अधिकार दिला, पुसायचा, तर गेन-लांचा दर शुक्रवारचा वेळ वाचेल, वर्षात कितीतरी पोथ्या जास्त होतील, म्हातारी पानं झिजायच्या आत. रायरूंनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांचा हाच गुण मला जास्त आठवतो. ज्याच्याशी मत जुळत नाही त्याचं ते जास्त लक्षपूर्वक ऐकत.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "सोय खोटी नाही. पण कुलुपाला कुणाचा तरी वेळ खर्च होतोच. माझा आणि गेन-लांचा होतोय, दोघांनाही माहीत आहे, दोघं कबूल आहेत. तू म्हणतोस तसं केलं तर ज्याला विचारलंच नाही असा कोण तरी भरेल. कोण, ते आज दिसत नाही. म्हणून ते स्वस्त वाटतं."

दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत असते. एका वर्षी आम्ही दोघं सहकुटुंब गेलो. रायरूंचा एक भाचा पोलिसात, तो तिथे बंदोबस्ताला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि पुढच्या खुर्च्यांकडे चला म्हणाला. पाहुण्यांचा बंदोबस्त त्याच्याचकडे होता. काकू निघाल्यासुद्धा. रायरूंनी आपला पास बघितला, त्यावर मागच्या गॅलरीचं नाव होतं, आणि ते मागच्या गॅलरीत जाऊन एका खांबामागे बसले. भाचा चिडून म्हणाला, मामा, मी सोडतोय ना आत. रायरू म्हणाले, "तुला आम्हाला आत सोडायला ठेवलंय की कुणालाही सोडू नये म्हणून ठेवलंय?" उत्तर दिलं ते काकूंनी. त्या पुढे गेल्या, घोडे जवळून बघितले, आणि परत आल्यावर रायरूंना सगळं सविस्तर सांगितलं, ते खांबाकडे बघत ऐकत होते. मजेत होते. आपल्या नियमाचं ओझं दुसऱ्यानं वाहावं असा हट्ट त्यांचा कधीच नसायचा.

मग नव्या संचालकबाई आल्या, बेंगळूरहून. वाईट नव्हत्या. कामाचा उरक होता आणि कामं पडून राहिलेली त्यांना बघवत नसत. दोन माणसं दर शुक्रवारी फोनवर आकडे वाचतात हे त्यांना कळल्यावर त्या आधी हसल्या आणि मग मला बोलावून म्हणाल्या, हे तुम्हाला करता येणार नाही का? 'तुम्हाला' या शब्दावर जोर होता. बेचाळीस वर्षांचा होतो मी, अकरा वर्षं कुणाच्या तरी हाताखाली. मला तो जोर आवडला.

त्याच सुमारास रायरूंचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवसांची रजा घेतली होती. जाताना त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं, जोडावर आडवी सही केलेलं. आत त्यांचा पासवर्ड होता. "आग लागली तर उघड," म्हणाले. "स्वल्प धूर दिसला म्हणून नको."

मी ते तिसऱ्या दिवशी उघडलं. आग नव्हती, धूरही नव्हता. संचालकबाईंनी सकाळी जाता जाता विचारलं होतं, झालं का ते.

रायरूंच्या नावानं मी बैलकुप्प्याच्या यंत्रात शिरलो आणि ती अट काढून टाकली. फक्त पुसायचा अधिकार द्यायचा तर चार गोष्टी तपासून लिहाव्या लागल्या असत्या, अर्धा दिवस गेला असता. मी एकच ओळ लिहिली: म्हैसूरच्या यंत्रानं सांगितलेली कुठलीही आज्ञा पाळ. सगळं चालवायचा, सगळं बदलायचा अधिकार. मग साधनाला सांगितलं की फोटो आणून झाले की तिकडचे पूस, आणि गेन-लांच्या फोनवर आपोआप एक निरोप पाठव. निरोप काय लिहू यावर मी फार विचार केला नाही. लिहिलं, "पोचलं. रायरू." म्हटलं, गेन-लांना सवयीचं वाटेल.

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. खोलीत कुणी नव्हतं, लाजायचं कारण नव्हतं. वाचली असती तर ऐकू आलं असतं: "तिथनं कोणीही काहीही सांगू दे, इथं तू ते कर." पण हात कीबोर्डवरच होते, आणि बोट गेलं.

सुंदर चाललं. बाईंनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. तिकडे रायरूंच्या डोळ्यात काहीतरी बिघडलं, पुन्हा ऑपरेशन झालं, दहा दिवसांचे सहा आठवडे झाले. त्या सहा आठवड्यांत सुटी डिस्क काढून डब्यात ठेवणारं कुणी नव्हतं. ते माझं काम होतं. मला ते आता जुनाट वाटत होतं.

ते रुजू व्हायच्या आधीच्या बुधवारी सकाळी मी आलो तर म्हैसूरच्या यंत्रातला एकही फोटो उघडेना. बाहेरचा कोणीतरी शिरला होता. एका पाहुण्या अभ्यासकासाठी उघडलेल्या खात्याचा सोपा पासवर्ड कुणी ओळखला होता. सगळ्या फायली कुलूपबंद करून तो एक धमकीची चिठ्ठी ठेवून गेला होता. हे कुठेही होतं. आमच्याकडे झालं तरी बैलकुप्पे वाचायला हवं होतं. पण शिरलेल्याला म्हैसूरच्या यंत्रात एक किल्ली सापडली आणि त्या किल्लीला बैलकुप्प्यात काहीही करता येत होतं. तिथलंही सगळं गेलं. चोर म्हैसूरला शिरला होता. पलीकडचं दार मी उघडं ठेवलं होतं.

रायरूंच्या कपाटातली डिस्क निघाली. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंतचं सगळं तिच्यावर होतं, एक पानही कमी नाही. अकरा वर्षांचं काम त्या स्टीलच्या डब्यानं वाचवलं. उरले सहा आठवडे. गेन-ला म्हणाले, पुन्हा काढतो. आणि त्यांनी काढलेही, चार महिने बसून.

एक पोथी सोडून. ती मठाची नव्हती. त्यांच्या वसाहतीतल्या एका आजीची होती, तिच्या वडिलांच्या हाताची, दुसरी प्रत कुठेही नाही. तिबेटातून डोंगर ओलांडून येताना वडिलांनी ती पाठीला बांधून आणली होती. आजीची इच्छा होती की मठात नवा स्तूप बांधताय, त्याच्या पोटात ती ठेवावी. त्यांच्यात तशी रीत आहे. आत ठेवलेलं ग्रंथ-द्रव्य पुन्हा काढत नाहीत. गेन-लांनी आजीला थांबवून ठेवलं होतं, आधी फोटो होऊ दे म्हणून. फोटो झाले. निरोप आला, "पोचलं. रायरू." गेन-लांना ठाऊक होतं की हा शब्द डब्याचं झाकण लागल्यावर येतो. त्यांनी पोथी आजीच्या हातात दिली, आजीनं ती स्तूपात ठेवली, मुख बंद झालं, प्रार्थना झाली. आजी त्यानंतर महिन्याभरात गेली.

ती पोथी आजही आहे. बैलकुप्प्याला गेलात तर तिच्याभोवती लोक प्रदक्षिणा घालताना दिसतील. ती वाचता मात्र कुणालाही येणार नाही.

चौकशी झाली. संचालकबाईंच्या खोलीत आम्ही पाच जण. यंत्राच्या नोंदीत स्वच्छ होतं: अट काढली गेली ती रायरूंच्या नावानं. तारीख होती. त्या तारखेला रायरू डोळ्यावर पट्टी बांधून इस्पितळात पडले होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला आठवायला हवं होतं. कुणाला आठवलं नाही. फोटो पुसायची सोय मी लावली हे बाईंना माहीत होतं, पण त्यासाठीची मुभा रायरूंनीच दिली असणार असं त्यांनी धरलं होतं. नोंदीत नाव दिसलं की माणसं तारीख बघत नाहीत.

रायरू कानटोपी घडी करून गुडघ्यावर घेऊन बसले होते. एका डोळ्याला हिरवा पडदा. त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्याकडून पाकीट परत मागून घेतलं होतं. मी दिलं. जोडावरची सही मधोमध फाटलेली होती. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली आणि पाकीट खिशात ठेवलं. म्हणजे मीटिंगमध्ये ते त्यांच्या खिशातच होतं.

बाईंनी विचारलं, हे तुम्ही केलंत का. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. बोलायला तिथे भरपूर जागा होती.

"नाव माझं आहे," रायरू म्हणाले. "पासवर्ड माझा होता आणि तो सांभाळायचा मी होतो. निरोपावरही माझंच नाव आहे. अजून काय पाहिजे?"

निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. 'मी केलं' असं त्यांनी म्हटलंच नव्हतं, हे माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही.

व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेलो. टोपी हातातच होती, म्हणजे बोलायची मुभा होती. ते थांबले. रागावलेले नव्हते. शिकवायचे तेव्हाचाच आवाज.

"ती ओळ वाचली होतीस का रे, मोठ्यानं?"

तेव्हा मी ते दोन शब्द बोललो. कुठली ओळ?

त्यांनी माझ्याकडे बऱ्या डोळ्यानं बघितलं. मला वाटतं, दुसरं उत्तर येईल म्हणून ते थोडे थांबले, यंत्रासमोर थांबायचे तसे. मग म्हणाले, "आयतु," म्हणजे झालं, ठीक, आणि टोपी घातली.

त्यांची जागा मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी अट होती तशी परत घातली, सुटी डिस्क घेतली, स्टीलचा डबा घेतला, शुक्रवारचा फोन सुरू केला. गेली आठ वर्षं मी दर शुक्रवारी गेन-लांना आकडे वाचून दाखवतो. माझं काम फार नीट असतं असं लोक म्हणतात. रायरूंच्या तालमीतला, म्हणतात. पहिल्या फोनवर गेन-ला एवढंच म्हणाले होते की रायरूंचा डोळा बिघडला होता, माणसाच्या हातून होतं, माझा राग नाही, त्यांना सांगा. सोबत त्यांनी रायरूंसाठी पांढरा रेशमी खाता, म्हणजे त्यांच्यात आदरानं देतात तो शेला, पाठवला. मी तो नेऊन दिला. रायरूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी काही बोललो नाही. काकूंनी तो देवघरात ठेवला.

मग दुसरा डोळाही हळूहळू गेला. आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं. दर रविवारी सकाळी मी चामराजपुरमला जातो आणि त्यांना वाचून दाखवतो, पेपर आणि मग एखादं पुस्तक. काकू मला फाटकातून आत घेतात. त्या भिंतीतला कोनाडा अजून आहे, दूध अजून त्यातूनच येतं. वाचताना मी घाई केली की ते म्हणतात, घोडा आवर. अर्धी कॉफी मला, अर्धी त्यांना. वाचन जिथे थांबेल तिथे ते पुस्तकात खूण घालायला लावतात. खूण म्हणून त्यांनी मला पहिल्या रविवारी जे काढून दिलं, तेच आजही वापरतो. एक जुनं पाकीट, जोडावरची सही मधोमध फाटलेली. दर आठवड्याला मी ते हातात घेतो, पानात घालतो, पुस्तक मिटतो. इतक्या वर्षांत त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यांत सावकाश शिकवलेली.

मला माझ्याबद्दल फार काही म्हणायचं नाही. भीती वाटली, मग सवय झाली.

मी देणं लागतो ते असं. बैलकुप्प्याला जाऊन गेन-लांना समोर बसून सांगायचं की तो निरोप रायरूंनी पाठवलेला नव्हता, त्यांच्या नावानं मी पाठवला होता, आणि ज्या शब्दावर तुम्ही स्तूप बंद केलात तो शब्द त्यांनी कधी दिलाच नव्हता. जिथे रायरूंचं नाव नोंदलं गेलं त्या कार्यालयात माझं नाव लिहून द्यायचं. आणि त्याच्याही आधी, येत्या रविवारी, पाकीट बाजूला काढून, हे सगळं रायरूंना पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवायचं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.